राहत्या घराची वर्दी

द्वारकाबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की सून जर्मनीची असो नाहीतर जाफराबादेची, सासू अंथरुणात असताना तिनं घरच्या खिडक्या सताड उघडू नयेत. पौषाची थंडी, बाहेर दव पडलेलं, आणि ही बाई तांबडं फुटायच्या आत उठून माडीवरच्या, जिन्यावरच्या, बैठकीतल्या सगळ्या खिडक्या उघडायची. वर कमरेवर हात ठेवून तिथं उभी राहायची आणि असा श्वास ओढायची, जसं काही रात्रभर कुणी हिचं नाक दाबून ठेवलं होतं.

"घरातली शिळी हवा बाहेर जाते, आई," जगन्नाथ समजावायचा. "तिकडं सगळेच करतात."

"शिळी हवा? अरे, तुझ्या बापानं याच हवेत बसून वकिली केली. तिला शिळी म्हणणारी ही कोण?"

ही कोण, हाच तर खरा सवाल होता, आणि त्याचं उत्तर द्यायचं द्वारकाबाई टाळून राहिल्या होत्या.

जगन्नाथाला त्याच्या वडिलांनी, दीनानाथरावांनी, इंजिनांची विद्या शिकायला जर्मनीला धाडलं होतं. पोरगा विद्या घेऊन आला, पण त्याआधीच दीनानाथराव गेले, आणि विद्येबरोबर आली ही लुईझा. गोरीपान, उंच, पायात पुरुषी बूट. लग्न म्हणे तिकडंच झालं. कुठल्याशा कचेरीत एक कारकून बसला होता, त्याच्यापुढं दोघांनी सह्या केल्या आणि बाहेर आले ते नवरा-बायको होऊन.

"हळद न्हाई, अक्षता न्हाई, सही केली की झालं लगीन?" द्वारकाबाई म्हणाल्या होत्या. "सही तर मी म्हैस घेताना पण करते."

जोडपं जालन्याच्या ठेसनावर उतरलं ते ऐन पौषात. पौषात नवी नवरी माप ओलांडून घरात येत नाही, हे बरंच झालं. द्वारकाबाईंनी तिला बैठकीच्या बाजूच्या दारानं परस्पर माडीवर पाठवली. तिचं ताट वर जायचं. तिची कपबशी वेगळ्या फळीवर. स्वयंपाकघर आणि देवघर, दोन्हीकडं जायचं नाही. माघ लागला की बघू, म्हणाल्या. माघ लागला तेव्हा गुरुजी गावाला गेलेले. गुरुजी परत आले तर द्वारकाबाईंचे गुडघे धरले. असं करता करता फाल्गुन आला, होळीच्या गोवऱ्या गल्लीत थापून वाळल्या, आणि जर्मनीची सून अजून बाजूच्या दारानंच ये-जा करून राहिली होती.

एक मात्र कबूल करायला पाहिजे, ती कधी तोंड वर करून बोलली नाही. पण तिच्या चालीरीती म्हणजे गल्लीला रोजचा तमाशा. सकाळी गवळी आला की त्याच्याशी हात मिळवायची. मोलकरीण गोजरबाईशी हात मिळवायची. गोजरबाई बिचारी आधी हात पदराला पुसून मग पुढं करायला शिकली. दिवेलागणीला चूल पेटत असताना ही गार भाकरीचे तुकडे करून वर लोणी फासून खायची आणि जेवण झालं म्हणायची. एका रविवारी गोजरबाईनं दळण मांडलं, तर ही जिन्यावरून बोट ओठावर ठेवून खाली आली. तिच्या गावात म्हणे रविवारी कुणी आवाज करायचा नाही, खिळासुद्धा ठोकायचा नाही, शेजारी तक्रार करतात.

"हिच्या गावात पोरं रविवारी रडत न्हाईत का?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"दार लावून रडतात, आई," जगन्नाथ म्हणाला. तोही बापासारखाच, चेहरा न हलवता बोलणारा.

सगळ्यात कहर झाला तो पाटीचा. तिच्या श्टुटगार्ट गावात, एका जिन्यावर राहणाऱ्या घरांनी आठवड्याला पाळी लावून जिना आणि दारापुढचा रस्ता झाडायचा असतो. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी. झाडून झालं की पाटी शेजारच्या दारावर. लुईझानं शनिवारी बाह्या वर सारल्या, पायऱ्या धुतल्या, गल्ली नाल्यापर्यंत झाडली, आणि एक पाटी बनवून शेजारच्या तुळजाबाईंच्या दाराला अडकवून आली. तुळजाबाईंना वाटलं, करणी केली. लिंबू-मिरच्या आणल्या. जगन्नाथानं जाऊन समजावलं, तेव्हा त्या आणखी चिडल्या. करणी चालली असती, झाडू मारायला सांगणं नाही चाललं.

आणि त्यात भर म्हणजे लुईझा मराठी शिकत होती, ती गोजरबाईपासून. जगन्नाथ दिवसभर कामावर, सासू बोलायची नाही, मग उरली कोण? त्यामुळं ही गोरी मडम तोंड उघडायची आणि आतून परतूरकडची गोजरबाई बोलायची.

होळीच्या आधी जगन्नाथ केदारखेड्याला गेला. तिकडच्या एका मोठ्या मळ्यात विहिरीवर इंजिन बसवायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी माडीवर दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं, तिच्या भाषेत. द्वारकाबाईंना अक्षर कळलं नाही. पण विचारण्याचा सूर कुठल्याही भाषेत ओळखू येतो. ती परत परत एकच गोष्ट विचारत होती, आणि तो परत परत एकच उत्तर देत होता. त्यात "आई" हा शब्द दोनदा आला.

तो गेला, आणि त्यानंतरच्या सकाळी गोजरबाई धापा टाकत परसदारानं आत आली.

"अक्का, सूनबाई चौकीत गेल्या."

"कुठल्या चौकीत?"

"पोलिसाच्या. टोपी घातली, छत्री घेतली, मला म्हन्ल्या, गोजरबाई, म्या चौकीला जाऊन येते. मला वाटलं चौकात जात्यात. मागं मागं गेले तर खरंच पायऱ्या चढून आत गेल्या की."

द्वारकाबाईंच्या हातातली परात हातातच राहिली. चौकीत बाई जाते ती दोन कारणांनी. चोरी झाली म्हणून, नाहीतर सासरच्यांनी मारलं म्हणून. चोरी तर झाली नव्हती.

तुळजाबाईंचा माणसाच्या दुःखाला धावून येण्याचा वेग मोठा. गोजरबाईचा श्वास जाग्यावर यायच्या आत त्या ओट्यावर हजर. "वहिनी, ऐकलं ते खरं का? काय झालं होतं हो असं?"

"काय व्हायचंय?"

"न्हाई, म्हणजे आपल्या घरातलं कुणी आजपावेतो चौकीत गेलं नव्हतं. वकीलसाहेब असते तर..."

"वकीलसाहेब असते तर तुम्ही ओट्यावर असे पाय पसरून बसला नसता," द्वारकाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत जाऊन त्या देवघराच्या दारात बसल्या आणि मनातल्या मनात चौकीच्या अमिनासमोर जबानी देऊ लागल्या. मारलं का? कधी न्हाई. उपाशी ठेवलं? विचारा गोजरबाईला, ताटात तूप किती असतं. शिव्या दिल्या? शिव्या तिला कळत न्हाईत, मंग त्या दिल्यात कशा धरायच्या? वेगळी कपबशी ठेवली, ती काय मारहाण झाली? जबानी चांगली चालली होती. फक्त मधे मधे त्यांच्या डोळ्यासमोर ती पोरगी यायची, बाजूच्या दारापाशी बूट काढून, दोन्ही बूट एका रेषेत ठेवून, पायऱ्यांवर आवाज होऊ नये म्हणून मोज्यांनी वर चढणारी. एवढे दिवस. अशी पोरगी तक्रार घेऊन गेली असेल तर मोठीच असेल. आणि एवढी मोठी तक्रार असूनही, समुद्रापलीकडच्या पोरीला या गावात सांगायला चौकीशिवाय माणूस सापडला नाही.

द्वारकाबाई उठल्या. ठेवणीतली शाल काढली.

"अक्का, कुठं?"

"सुनेला आणायला. तू चल मागं."

नवरा जिवंत असताना अमीन, पेशकार, सगळे याच ओट्यावर येऊन पान खाऊन जायचे. द्वारकाबाईंनी सरकार पाहिलं ते घरबसल्या. आज त्या पहिल्यांदा भर बाजारातून चालत सरकारकडं निघाल्या. सराफ्यातून, भांडेवाल्यांपुढून, मान एवढीशी न वाकवता. ज्यांनी पाहिलं त्यांनी पाहू दे, असा चेहरा ठेवून.

चौकीत अमीनसाहेब नव्हते, दौऱ्यावर गेलेले. जमादार होता, म्हातारा, मेंदीच्या दाढीचा. दीनानाथरावांना ओळखणारा. तो द्वारकाबाईंना पाहून असा उठून उभा राहिला, जसा बुडणारा माणूस काठ पाहून उभा राहील. बाकावर लुईझा ताठ बसलेली. टोपी मांडीवर.

"या माँसाहेब, अल्लानंच पाठवलं तुम्हाला," जमादार म्हणाला. "ही बाई सकाळपासनं बसून राह्यली. म्या म्हनलं, फिर्याद काय? म्हन्ती फिर्याद न्हाई. चोरी झाली? न्हाई. कुनी मारलं? न्हाई. सासू तरास देती?"

जमादार थांबला. द्वारकाबाईंनी शालीची घडी सारखी केली. "मंग? काय म्हणाली?"

"म्हन्ती, न्हाई. सासू लई चांगल्या. फक्त पाय दुखत्यात." जमादारानं हात पसरले. "मंग मी बोललो, फिर्याद न्हाई तर बाई, चौकीत कायकू आली? तर म्हन्ती, माझं नाव लिहा."

"नाव कशाला?"

लुईझा उठून उभी राहिली होती. तिनं एकदा द्वारकाबाईंच्या पायांकडं पाहिलं, एवढं चालून आल्या म्हणून असेल. मग गोजरबाईच्या मराठीत, एकेक शब्द जपून ठेवत बोलली.

"अक्का, आमच्या मुलखात घर बदललं की चौकीत जाऊन सांगाया लागतंय. म्या आता हितं राह्यते, आसं. हप्त्याच्या आत. न्हाई सांगितलं तर त्यो मानूस कुठलाच न्हाई. तेला काम देत न्हाईत. टपाल देत न्हाईत. मेला तर..." तिला पुढचा शब्द आला नाही, तिनं हातानं जमीन दाखवली. "म्या लई दिस थांबले. माझं नाव तिकडच्या चौकीतनं काढलंय. निघताना काढाया लागतंय. हितं अजून घातलं न्हाई. म्हंजी म्या आता कुठंच न्हाई."

वही उघडून बसलेल्या मुन्शीनं कान खाजवायचं थांबवलं.

"आणि माँसाहेब, पुढं ऐका," जमादार म्हणाला. "हिच्या मुलखात म्हने घरधन्याची पन सही लागती. की हां, ही बाई माझ्या घरात राहती, माझ्या मर्जीनं. मी विचारलं, तुझं घरधनी कोन? तिनं तुमचं नाव सांगितलं. मी विचारलं, द्वारकाबाईची तू कोन? सून लिवू, पाहुनी लिवू, का किरायदार? तर बोलली, जमादारसाहेब, ती जागा रिकामी ठेवा. ते त्या सांगतील."

द्वारकाबाईंना आयुष्यात लोक घाबरले होते, रागावले होते, पाया पडले होते. पण जी जागा स्वतःच भरून टाकता आली असती, ती त्यांच्या उत्तरासाठी कुणी कधी मोकळी ठेवली नव्हती. त्यांना ते आवडलं नाही, आणि न आवडलेल्या गोष्टीवर त्यांचा एकच उपाय होता. त्या कुणावर तरी उखडल्या.

"आणि लिहून कशात राह्यले तुम्ही? ही वही कशाची?"

मुन्शी चाचरला. "बाईसाब, नव्या मानसाचं नाव लिवायची आमच्याकडं एकच वही हाय."

"कसली?"

"बदमाशांच्या हजेरीची."

"खबरदार." द्वारकाबाईंचा आवाज चढला नाही, उलट उतरला. तो जास्त वाईट. "दीनानाथ वकिलाच्या सुनेचं नाव दरोडेखोरांच्या रांगेत मांडता? जमादार, तुमच्या धाकट्याची सुटका कुणी केली होती, फुकटात, विसरलात का?"

"न्हाई माँसाहेब, विसरंन कसा." जमादार दाढीत हसला. "मंग सून लिवायचं ना?"

तोंडातून गेलं होतं. द्वारकाबाईंनी एकदा मुन्शीकडं पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडं, आणि शेवटी लुईझाकडं. लुईझा त्यांच्याकडं बघत नव्हती. तिनं टोपीची किनार दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"कोरा कागद घ्या," द्वारकाबाई म्हणाल्या. "त्यावर लिहा. नाव. राहणार माझ्या घरी. नातं, सून. मोठ्या अक्षरात. उर्दूत लिहाल ते लिहा, पण हा शब्द मराठीत लिहा. मला वाचता आला पाहिजे."

मुन्शीनं लिहिलं. द्वारकाबाईंनी टाक घेतला, आणि जीभ दाताखाली धरून, म्हैस घेताना करतात त्याहून पुष्कळ सावकाश, आपलं नाव काढलं. जमादारानं त्या कागदाचं काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. निजामाच्या सगळ्या राज्यात तसल्या कागदाला खण नव्हता. त्यानं तो आदरानं घडी करून लुईझाच्या हातात दिला. तिनं त्याच्याशी हात मिळवला. मग मुन्शीशी. मग दाराशी बेड्या घालून बसवलेल्या एका माणसाशीही, आपल्याला उगीच वगळलं असं त्याला वाटू नये म्हणून.

परतीच्या वाटेवर लुईझा एक पाऊल मागं चालत होती. सराफ्याच्या तोंडाशी द्वारकाबाई थांबल्या.

"अक्का म्हणू नको मला. ते गोजरबाईनं म्हणायचं. तू आत्याबाई म्हण."

"आत्याबाई," लुईझा म्हणाली.

"आणि मागं चालू नको. लोकांना वाटंल, मी पकडून नेऊन राह्यले."

घराशी आल्या तेव्हा अर्धी गल्ली ओट्यांवर. तुळजाबाई पुढंच. लुईझा सवयीनं बाजूच्या दाराकडं वळली. द्वारकाबाईंनी तिचा दंड धरला.

"तिकडं न्हाई. इथं उभी राहा. गोजरे, आतून माप आण. तांदूळ भरून."

"वहिनी, आज कसला मुहूर्त?" तुळजाबाई म्हणाल्या. "गुरुजींना विचारलं का?"

"गुरुजींना विचारायला लई महिने होते. मी विचारलं न्हाई. आता मला घाई आहे."

गोजरबाईनं तांदळाचं माप उंबऱ्यावर ठेवलं. लुईझानं बूट काढले. द्वारकाबाईंनी दाखवलं, उजव्या पायानं लवंडायचं आणि आत यायचं. लुईझानं पाय उचलला. आणि तो तसाच अधांतरी राहिला. मापापासून चार बोटं वर.

तुळजाबाईंनी कुणाला तरी कोपरानं ढोसलं.

"काय झालं?" द्वारकाबाईंनी विचारलं.

लुईझानं पाय खाली घेतला. तिचा चेहरा लाल झाला होता. "आत्याबाई, अन्नाला पाय लावू व्हय?"

"रीत आहे. लक्ष्मी सांडत आत येते."

"म्या ल्हान व्हते तवा आमच्याकडं लढाई व्हती," लुईझा हळूच म्हणाली, फक्त द्वारकाबाईंना ऐकू जाईल एवढं. "भाकर नव्हती. थंडीभर गुरांचे कंद खाल्ले. आई टेबलावरचा चुरा बोटानं टिपून आमच्या तोंडात घालायची. मोठा भाऊ गेला त्याच्यात. माझा पाय न्हाई उचलत, आत्याबाई. दुसरं काय बी सांगा."

द्वारकाबाईंच्या लहानपणी असाच एक दुष्काळ पडला होता. लोक झाडाची साल कुटून खायचे. त्यांच्या आजीनं वाटेवर सांडलेले ज्वारीचे दाणे मातीतून वेचून आणले होते, आणि धुवायला पाणी नव्हतं. ते दाणे त्यांनी मातीसकट खाल्ले होते. त्यानंतर लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा याच उंबऱ्यावर त्यांनीही पाय उचलला होता. सासू मागून म्हणाली होती, लाथाड की, कसली बघतीस. आणि त्यांनी लाथाडलं होतं. डोळे मिटून.

तुळजाबाई पुढं सरकल्या. "अपशकुन झाला म्हणायचा का हो हा?"

"तुळजाबाई, तुमच्या दाराला पाटी अजून लटकून राह्यली," द्वारकाबाई वळून न बघता म्हणाल्या. "जा, झाडून घ्या."

मग त्या खाली बसल्या. गुडघे धरले होते, तरी बसल्या. लुईझाचा हात ओढून तिलाही उंबऱ्यापुढं बसवलं. तिचा मोठा, गोरा, थंड हात आपल्या हाताखाली घेतला, आणि दोघींच्या हातांनी माप हळूच आतल्या अंगाला कलतं केलं. तांदूळ घरात सांडले. लुईझा लगेच ते वेचायला वाकली, तशी द्वारकाबाईंनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे. गोजरबाई भरंल. आता ऐक माझं, सगळ्यांसमोर सांगते म्हणजे परत कुणी विचारायला नको. आमच्याकडं सुना चौकीत जातात त्या घर मोडायला. तू घरात यायला गेलीस. तुझी अक्कल उलटी आहे, लुईझा, ती मी काय सरळ करू शकणार न्हाई. पण नियत तुझी बिलकुल सरळ आहे, माझ्यापेक्षा सरळ. ऊठ, आणि मला पण उठव, माझे गुडघे गेले. चूल पेटवायचीय, आणि आजपासून ती तू पेटवायचीस."